नियम पाकिटावर येईपर्यंत

सिगारेटच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग आज धोक्याच्या इशाऱ्याने व्यापलेला असतो. ६० टक्के चित्र, २५ टक्के मजकूर, तेही दोन्ही बाजूंना. हे प्रमाण केंद्र सरकारने १५ ऑक्टोबर २०१४ रोजी राजपत्रात प्रसिद्ध केलं आणि १ एप्रिल २०१५ ही अंमलाची तारीख ठरवली. प्रत्यक्षात ते लागू झालं १ एप्रिल २०१६ला. मधल्या एका वर्षाचा हिशेब मांडला, तर हितसंबंधी गट लोकप्रतिनिधींवर कुठून, कसा आणि कोणाला पुढे करून दबाव आणतात ते बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. अशी बहुतेक प्रकरणं दाराआडच मिटतात. या प्रकरणात मात्र तारखा, अहवाल, खासदारांची विधानं आणि न्यायालयांचे आदेश असं सगळं उघड्यावर आलं. आणि त्यातलं एक मुख्य पात्र आपल्या अहमदनगरचं होतं.

आधी कायदा आणि नियम यांतला फरक समजून घेऊ, कारण खेळ तिथेच चालतो. तंबाखूविषयीचा केंद्रीय कायदा, ज्याला सगळे ‘कोटपा’ म्हणतात, तो २००३चा. पाकिटावर इशारा असलाच पाहिजे, असं त्याचं सातवं कलम सांगतं. पण तो इशारा किती मोठा, चित्र कोणतं, कोणत्या बाजूला, किती महिन्यांनी बदलायचं, यातलं काहीच कायदा ठरवत नाही. ते ठरवायचे अधिकार संसदेने सरकारकडे सोपवले आहेत. जवळजवळ प्रत्येक कायद्याचं असंच असतं. तत्त्व संसदेत मंजूर होतं. आकडे, मुदती, नमुने, सवलती मात्र मंत्रालयातल्या अधिसूचनांत लिहिल्या जातात. विधेयकावर सभागृहात चर्चा होते, टीव्हीवर दिसते, वर्तमानपत्रांत मथळे येतात. नियमाच्या मसुद्याकडे मात्र ज्यांचा त्यात पैसा अडकलेला असतो, त्यांचंच लक्ष असतं. ज्या उद्योगाला कायदा होऊ द्यायचा नसतो, त्याने कायद्याला विरोध करून बदनामी का ओढवून घ्यावी? कायदा होऊ द्यावा, शक्य तर त्याचं स्वागतही करावं, आणि मग नियमाच्या टप्प्यावर ठाण मांडून बसावं.

कोटपाच्या बाबतीत हे अक्षरशः असंच घडलं. चित्रमय इशाऱ्याचे पहिले नियम जुलै २००६मध्ये निघाले. इशारा पाकिटाच्या निम्म्या भागावर आणि त्यात कवटी व हाडांचं चिन्ह, असं त्यात होतं. लगेच खासदारांची पत्रं सुरू झाली. विडी उद्योग ज्या राज्यांत पसरला आहे, तिथले सर्वपक्षीय लोकप्रतिनिधी रोजगाराचा मुद्दा घेऊन उभे राहिले. विषय मंत्रिगटाकडे गेला. तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे गेली. २००७मध्ये कायद्यातच दुरुस्ती होऊन कवटीची सक्ती निघाली. २००८मध्ये इशारा ४० टक्क्यांवर आला, तोही फक्त दर्शनी बाजूला. अखेर ३१ मे २००९ला पाकिटांवर चित्रं आली, तेव्हा ती होती एक विंचू आणि एक फुप्फुसांचा क्ष-किरण फोटो. विंचवाचा तंबाखूशी काय संबंध, हे गावाकडच्या माणसाला कळणं कठीणच होतं. जुलै २००६ ते मे २००९ म्हणजे जवळजवळ तीन वर्षं. या तीन वर्षांत ‘हा नियम नको’ असं कुणी म्हटलं नाही. सगळे म्हणत होते, ‘आत्ता नको, असा नको, एकदम नको.’

माझ्या मते दबावाचं खरं काम हेच आहे. नियम रद्द करून घेणं अवघड असतं आणि तसं करताना सगळे उघडे पडतात. त्यापेक्षा घोंगडं भिजत ठेवणं सोपं. नियम एक वर्ष लांबला की उद्योगाचा एक वर्षाचा धंदा जुन्या पाकिटात होतो, आणि कुणालाही ‘मी याच्या विरोधात मत दिलं’ असं म्हणावं लागत नाही. म्हणून लॉबिंग ओळखायचं असेल, तर मतदानाच्या नोंदी पाहून फारसं हाती लागत नाही. तारखा पाहाव्या लागतात.

आता २०१४कडे येऊ. त्या वेळचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन स्वतः कान-नाक-घशाचे डॉक्टर. त्यांच्या काळात ८५ टक्क्यांची अधिसूचना निघाली. पुढच्याच महिन्यात मंत्रिमंडळाचा विस्तार झाला, ते विज्ञान-तंत्रज्ञान खात्यात गेले आणि आरोग्य खातं जे. पी. नड्डा यांच्याकडे आलं. मंत्री बदलला म्हणून राजपत्रातला नियम पुसला जात नाही, पण त्याच्यासाठी भांडणारा माणूस त्या खुर्चीवर राहत नाही. नव्या मंत्र्यापुढे पहिल्या काही आठवड्यांत ज्या फायली येतात, त्यांत आधीच्या मंत्र्याचे अपुरे निर्णय असतात. त्याच आठवड्यांत शिष्टमंडळांच्या भेटीही ठरतात. उद्योगांच्या दिल्लीतल्या कचेऱ्या मंत्रिमंडळातल्या बदलांकडे बारीक नजर ठेवून असतात, त्याचं कारण हे आहे.

यानंतर चित्रात आली लोकसभेची उपविधान समिती. हिचं नाव सर्वसामान्य वाचकाच्या कानावरून क्वचितच जातं. लोकसभा अध्यक्षांनी नेमलेल्या पंधरा खासदारांची ही समिती असते आणि मंत्र्याला तिचं सदस्य होता येत नाही. सरकारने काढलेले नियम मूळ कायद्याच्या चौकटीत आहेत का, संसदेने दिलेल्या अधिकाराबाहेर सरकार गेलं नाही ना, हे तपासायचं हे तिचं काम. हे काम अतिशय मोलाचं आहे. तीच नसेल तर सरकारी खाती नियमांच्या नावाखाली वाटेल ते करतील. पण जी समिती सरकारला जाब विचारू शकते, ती नियम अडवूही शकते. आणि तिच्या बैठका बंद खोलीत होतात. साक्षीला कोणाला बोलवायचं, कोणाचं निवेदन आधी ऐकायचं, हे ती ठरवते. ज्याला नियम रोखायचा आहे, त्याच्यासाठी ही फार सोयीची जागा. सभागृहातल्या साडेपाचशे खासदारांना पटवायची गरज नाही. पंधरांपैकी काहींना पटलं तरी काम भागतं.

समितीचे अध्यक्ष होते अहमदनगरचे भाजप खासदार दिलीप गांधी. मार्च २०१५मध्ये समितीने अंतरिम अहवाल दिला: विषयाची तपासणी पूर्ण होईपर्यंत नियमाची अंमलबजावणी थांबवावी. अंमलाची तारीख जेमतेम दोन आठवड्यांवर आली होती. आरोग्य खात्याने शिफारस मानली आणि नियम लांबणीवर टाकला. संसदेच्या समितीचा मान राखला, असं त्याचं समर्थन करता येत होतं. प्रत्येकाकडे आपापल्या वागण्याचं सभ्य कारण होतं, आणि सगळ्या सभ्य कारणांची बेरीज उद्योगाला हवी तीच होत होती.

मग गांधी यांनी पत्रकारांना जे सांगितलं, त्याने देशभर गदारोळ झाला. तंबाखूमुळे कर्करोग होतो असं सिद्ध करणारा भारतीय अभ्यास नाही, सगळे अभ्यास परदेशातले आहेत, असा त्यांचा मुद्दा होता. जोडीला त्यांनी तेंदूपत्त्यावर आणि विडीवर जगणाऱ्या कोट्यवधी माणसांचाही दाखला दिला. समितीतले आणखी एक सदस्य होते अलाहाबादचे खासदार श्यामाचरण गुप्ता. त्यांचा स्वतःचा विडीचा मोठा कारखानदारी व्यवसाय होता. ओढून ओढूनही ज्यांना काही आजार झाला नाही अशी माणसं आपण समोर उभी करू शकतो, असं ते म्हणाले. आसामचे खासदार रामप्रसाद सरमा यांनी आपल्या ओळखीच्या, रोज भरपूर सिगारेटी ओढून दीर्घायुषी ठरलेल्या वृद्धांची उदाहरणं दिली.

महाराष्ट्रात हे वाचताना अंगावर काटा आला असेल, कारण त्याच वर्षी १६ फेब्रुवारीला राज्याचे माजी उपमुख्यमंत्री आर. आर. (आबा) पाटील तोंडाच्या कर्करोगाने गेले होते. आबांना जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. आणि भारतीय अभ्यास नव्हते, हे तर साफ चूक होतं. मुंबईतल्या तंबाखू वापरणाऱ्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं काम जगभर उद्धृत होतं. डॉ. प्रभात झा आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी २००८मध्ये प्रसिद्ध केलेला देशव्यापी अभ्यास धूम्रपान आणि मृत्यू यांविषयीच होता. विडी ओढणाऱ्या पुरुषाचं आयुष्य सरासरी सहा वर्षांनी आणि सिगारेट ओढणाऱ्याचं दहा वर्षांनी घटतं, असं त्यातून दिसलं. विडी नैसर्गिक, म्हणून सौम्य, या समजाला त्याने छेद दिला होता. परळच्या टाटा रुग्णालयात रोजच्या रोज जबडे आणि जिभा कापाव्या लागणाऱ्या शल्यचिकित्सकांना तर अभ्यासाचीही गरज नव्हती.

इथे एक बारकावा लक्षात घ्यावा. नियम कायद्याच्या चौकटीत आहे की नाही, हे समितीने तपासायचं होतं. तंबाखूने कर्करोग होतो की नाही, हा प्रश्न तिच्यापुढे नव्हताच. तो २००३ सालीच संसदेने निकालात काढला होता, म्हणून तर कायदा झाला. पण विज्ञानावर शंका उभी केली की वेळ मिळतो. ‘आधी अभ्यास करू’ या वाक्याला नाही म्हणणं कोणालाही जड जातं. जगभरच्या सिगारेट कंपन्यांनी १९५०च्या दशकापासून हेच हत्यार वापरलं. आपल्याकडे ते खासदारांच्या तोंडून आलं, एवढाच फरक.

खासदार श्यामाचरण गुप्ता यांच्याविषयी आणखी थोडं सांगायला हवं. आपला व्यवसाय त्यांनी लपवलेला नव्हता. आणि इथेच भारतातल्या लॉबिंगचं वेगळेपण दिसतं. अमेरिकेत उद्योग पगारी माणसं नेमतो आणि ती माणसं खासदारांच्या दारी जातात. १९९५च्या कायद्यानुसार त्यांना आपली नावं, अशिलं आणि खर्च जाहीर करावा लागतो. आपल्याकडे पगारी माणूस मध्ये असलाच पाहिजे असं नाही. कित्येकदा उद्योगच निवडून येतो. महाराष्ट्राला हे वेगळं समजावून सांगायला नको. साखर कारखान्याचा अध्यक्ष आमदार होतो, उसाच्या दराचा आणि कर्जाच्या थकहमीचा निर्णय ज्या बैठकीत होतो, तिथे तोच बसलेला असतो. विडीचंही तसंच. गोंदियाचे मनोहरभाई पटेल विडी उद्योगातले मोठे नाव होते आणि आमदारही होते. त्यांनी त्या भागात शाळा-महाविद्यालयंही उभी केली. अशा माणसाला ‘लॉबिस्ट’ म्हणणं लोकांना पटत नाही, कारण तो त्यांच्या गावचा, त्यांच्या कामाला येणारा माणूस असतो. म्हणून हितसंबंधांचा प्रश्न आपल्याकडे व्यक्तीच्या चांगुलपणाचा प्रश्न होऊन बसतो आणि नियमाचा मुद्दा बाजूला पडतो.

नियम आहेत. लोकसभेच्या कार्यपद्धतीतला २५५वा नियम सांगतो, की समितीतल्या सदस्याचा विषयात वैयक्तिक किंवा आर्थिक संबंध असेल, तर त्याच्या सदस्यत्वाला हरकत घेता येते आणि लोकसभा अध्यक्ष त्यावर निर्णय देतात. पण हरकत कोणीतरी घ्यायला हवी. सदस्याने आपणहून बाजूला व्हावं हा संकेत आहे. तो पाळला न गेल्यास लगेच काही घडत नाही. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही आहे: कोणत्या कंपनीचं संचालकपद, कोणते निर्णायक शेअर, कोणता सल्लागाराचा पगार. २०१५मध्ये लोकसभेत अशी नोंदवही नव्हती. निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात मालमत्ता दिसते, पण ती एकदाच, निवडणुकीच्या वेळी. कोणत्या समितीत कोणत्या विषयाशी तिचा संबंध येतो हे त्यातून कोणी जुळवून देत नाही.

आता ज्यांच्या नावाने हा सगळा विरोध झाला, त्यांच्याकडे वळू. सोलापुरात, सिन्नरमध्ये, नगरमध्ये घराघरांत विडी वळणारी बाई असते. भिजवलेलं तेंदूपान पत्र्याच्या मापाने कापायचं, चिमूटभर जर्दा भरायचा, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजारी ठरते. कारखान्यात माल नेला की त्यातल्या काही विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या जातात आणि त्यांचे पैसे मिळत नाहीत. बोटांच्या टोकांना घट्टे पडतात, जर्दा श्वासातून आत जातो, आणि मुलंही त्याच खोलीत झोपतात. सोलापुरातल्या तेलुगूभाषक पद्मशाली कुटुंबांतल्या कितीतरी पिढ्यांचा संसार या कामावर उभा राहिला. याच बायकांनी नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली सोलापूरजवळच्या कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत मिळवली, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. हाही दबावगटच होता. मोर्चे काढले, मुंबई-दिल्लीला खेटे घातले, मंत्र्यांना गाठलं, घरं पदरात पाडून घेतली. याला कोणी वाईट म्हणेल का? संघटित होऊन सरकारकडे मागणं मांडणं हा नागरिकांचा हक्क आहे, आणि ज्यांच्याकडे पैसा नाही त्यांना संख्येशिवाय दुसरं बळ नसतं.

पण चित्रमय इशाऱ्याच्या वेळी याच बाईला पुढे उभं केलं गेलं. चित्र मोठं झालं की विडी खपणार नाही, विडी खपली नाही की हिची चूल पेटणार नाही, असा युक्तिवाद. विडी कामगारांच्या काही संघटनांनीही मोठ्या चित्राला विरोध केला. त्यांची भीती खरी होती आणि ती कुणी खोडून काढायला पर्यायी काम हाती घेऊन आलं नव्हतं. तरी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. किमान वेतनाचा प्रश्न आला की हेच कारखानदार आणि याच कामगारांच्या संघटना समोरासमोर उभ्या असतात. तेव्हा कारखानदाराला तिच्या चुलीची काळजी परवडत नाही. खासदाराच्या दृष्टीने मात्र हा युक्तिवाद बिनतोड असतो. त्याच्या मतदारसंघात मतदार म्हणून ती बाई असते, आणि निवडणुकीत मदत करणारा म्हणून तो कारखानदार असतो. दोघांचं म्हणणं एकाच निवेदनावर आलं, तर त्याला सही करायला विचारही करावा लागत नाही.

विडीच्या बंडलाचा आकारही या लढाईत कामाला आला. वीस-पंचवीस विड्यांचं बंडल एका टोकाला निमुळतं असतं आणि त्याला पातळ कागद गुंडाळलेला असतो. त्याला पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली? चित्र छापलं तरी गोल कागदावर ते दिसणार कसं? प्रश्न खोटा नव्हता. पण अशा तांत्रिक अडचणीवर तोडगा काढायचा की तिच्या आधाराने सगळा नियम थांबवायचा, हा हेतूचा प्रश्न असतो. अडचण विडीची होती, आणि तोवर फायदा सिगारेटलाही मिळत होता. मोठ्या कंपन्या लहान धंद्याच्या सावलीत उभ्या राहिल्या की त्यांच्यावर कोणाची नजर जात नाही.

सरकार स्वतः या व्यवहारात त्रयस्थ होतं, असंही म्हणता येत नाही. आयटीसी ही देशातली सर्वांत मोठी सिगारेट कंपनी, आणि तिच्यात एलआयसीसह सरकारी संस्थांचा मोठा भागभांडवली हिस्सा. त्यावरून २०१७मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही झाली. दुसरीकडे वाणिज्य मंत्रालयाखाली गुंटूरचं तंबाखू मंडळ आहे. तंबाखूच्या शेतीचा आणि निर्यातीचा विकास हे त्याचं काम. १९७५च्या कायद्यानेच त्यावर तीन खासदार असतात, दोन लोकसभेचे, एक राज्यसभेचा. म्हणजे तंबाखूचा वापर घटवणारं एक खातं आणि तंबाखूचा व्यापार वाढवणारं दुसरं, दोन्ही एकाच सरकारची. भारताने २००४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराला मान्यता दिली. आरोग्यविषयक धोरण तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून जपावं, असं त्याचं ५.३ हे कलम बजावतं. ते कलम वाचून मग या सगळ्या जागा मोजल्या की खासदारावरचा दबाव बाहेरूनच येतो, हा समज टिकत नाही.

मग नियम पुढे सरकला कशामुळे? तीन गोष्टींमुळे, आणि त्यांतली पहिली म्हणजे प्रसिद्धी. समितीत जे बोललं गेलं ते खोलीतच राहिलं असतं, तर कदाचित नियम आणखी काही वर्षं अडला असता. खासदार कॅमेऱ्यापुढे बोलले, त्यामुळे डॉक्टरांना उत्तर देण्यासाठी काहीतरी हाती लागलं. टाटा रुग्णालयाचे डॉ. पंकज चतुर्वेदी यांच्यासारखे शल्यचिकित्सक आणि त्यांचे रुग्ण आधीपासून दिल्लीत मंत्र्यांना, खासदारांना भेटत होतेच. ज्यांचा आवाज कर्करोगाने नेला अशी माणसं गळ्याला छिद्र घेऊन राजकारण्यांसमोर बसत होती. हीदेखील लॉबीच. फरक इतकाच, की या लॉबीला नियमातून एक पैसाही मिळणार नव्हता. सरकारच्या तंबाखूविरोधी जाहिरातीत दिसणारी मध्य प्रदेशातली एक तरुण आई १ एप्रिल २०१५ला वारली. त्याच दिवशी नियम लागू व्हायचा होता. मरण्यापूर्वी तिने पंतप्रधानांना पत्र लिहून गांधी यांच्या विधानाबद्दल दुःख व्यक्त केलं होतं.

दुसरी गोष्ट न्यायालय. राजस्थान उच्च न्यायालयाने जुलै २०१५मध्ये नियम लागू करण्याचा आदेश दिला, आणि सप्टेंबरमध्ये केंद्राने १ एप्रिल २०१६ ही नवी तारीख जाहीर केली. तिसरी गोष्ट म्हणजे आरोग्य खात्याचा शेवटच्या टप्प्यातला ठामपणा. समितीने मार्च २०१६मध्ये अंतिम अहवालात ८५ टक्के फार कठोर आहे, त्याने तस्करीच्या सिगारेटी वाढतील, म्हणून ५० टक्के ठेवावं अशी शिफारस केली. या वेळी खात्याने ती मानली नाही. समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. २०१५मध्ये मानली ती मानायची इच्छा होती म्हणून, आणि २०१६मध्ये नाकारली ती देश बघत होता म्हणून, असं मी समजतो.

१ एप्रिल २०१६ला आयटीसी, गॉडफ्रे फिलिप्स आणि इतर मोठ्या कंपन्यांनी कारखानेच बंद ठेवले. उद्योगाची संघटना, टोबॅको इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, म्हणाली की रोज ३५० कोटींहून जास्त उत्पादन बुडत आहे. कामगार संपावर गेले तर आपण देशद्रोहापर्यंत शब्द वापरतो. मालकांनी संप केला तर त्याला ‘नियमांतली संदिग्धता’ असं नाव मिळतं. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने नियम पाळा असं बजावलं आणि देशभरातल्या याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाकडे पाठवल्या. त्या न्यायालयाने १५ डिसेंबर २०१७ला ८५ टक्क्यांचा नियम रद्द ठरवला, आणि महिन्याभराच्या आतच, ८ जानेवारी २०१८ला, सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. चित्र पाकिटावर राहिलं.

त्याचा उपयोग झाला का? कॅनेडियन कॅन्सर सोसायटीच्या यादीत २०१४मध्ये इशाऱ्यांच्या आकारात भारत १३६वा होता, २०१६मध्ये तिसरा आला. आकारापेक्षा महत्त्वाचं म्हणजे माणसांचं वागणं. २०१६-१७च्या देशव्यापी पाहणीत सिगारेट ओढणाऱ्यांपैकी सुमारे ६२ टक्के, विडी ओढणाऱ्यांपैकी ५४ टक्के आणि तंबाखू खाणाऱ्यांपैकी ४६ टक्के लोकांनी सांगितलं, की इशारा पाहून सोडण्याचा विचार मनात आला. विचार म्हणजे सुटका नव्हे. पण एक वर्षाच्या विलंबात किती जणांना तो विचारही करायला मिळाला नाही, हे या आकड्यांवरून मनात येतंच. देशात तंबाखूने दरवर्षी तेरा लाखांवर माणसं मरतात.

चित्रात हरलेला दबाव दुसऱ्या वाटेने येतो. सुटी सिगारेट घेणाऱ्याला पाकीट दिसतच नाही, म्हणून महाराष्ट्राने सप्टेंबर २०२०मध्ये सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर बंदी घातली. कोणत्याही पानटपरीवर उभं राहून पाहावं, ती किती पाळली जाते. जानेवारी २०२१मध्ये केंद्राने कोटपातल्या दुरुस्तीचा मसुदा हरकतींसाठी खुला केला: विक्रीचं वय २१, सुट्या विक्रीवर देशभर बंदी, दुकानातल्या जाहिराती बंद. विडी पट्ट्यांतून पुन्हा तोच विरोध उठला, आणि पुढची कित्येक वर्षं ते विधेयक संसदेत आलंच नाही. कुणी ते नाकारलं नाही. सप्टेंबर २०२५मध्ये जीएसटी परिषदेने विडीवरचा कर २८वरून १८ टक्के आणि तेंदूपत्त्यावरचा १८वरून ५ टक्के करण्याची शिफारस केली. इथेही कोणी गुपचूप काही केलं असं नाही. सगळं जाहीर पत्रकात आहे.

लॉबिंगवर बंदी घालावी, असं काही जण म्हणतात. मला ते अशक्य वाटतं आणि नकोही वाटतं. बंदी घातली तर कुंभारीच्या बायका बाहेर राहतील आणि कारखानदार आतच असतील. भेटणाऱ्यांची नोंद हवी. बिजू जनता दलाचे कालिकेश सिंह देव यांनी २०१३मध्ये लॉबिंग जाहीर करायला लावणारं खासगी विधेयक मांडलं होतं. खासगी विधेयकांचं होतं तेच त्याचं झालं. २०१४च्या फेब्रुवारीपासून केंद्राचं असं धोरण आहे, की कायद्यांचे आणि नियमांचेही मसुदे किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवावेत. ते धोरण आहे, कायदा नाही, आणि खाती ते अनेकदा गुंडाळून ठेवतात. तरी मसुदा येतो तेव्हा कोणताही नागरिक त्यावर लिहू शकतो, मराठीतही.

आणि समित्यांचे अहवाल वाचता येतात. ते लोकसभेच्या संकेतस्थळावर असतात. पहिल्या पानांवर सदस्यांची नावं असतात. ती प्रतिज्ञापत्रांतल्या व्यवसायाशी ताडून पाहावीत. शिफारशी शेवटी वाचाव्यात. आधी मागची परिशिष्टं उघडावीत, जिथे प्रत्येक बैठकीचं कार्यवृत्त जोडलेलं असतं: कोणत्या तारखेला, किती सदस्य हजर होते, आणि साक्ष द्यायला कोणत्या संघटनेची कोण माणसं आली होती.